अकरा बॉबिनी

अकोल्याच्या त्या वस्तीत मैनाच्या शिलाईविषयी दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. तिने मारलेली टीप उसवायला गेलं तर आधी कापड फाटेल, ही एक. आणि बारशासाठी म्हणून तिच्याकडे टाकलेलं झबलं हाती येईस्तोवर लेकरू रांगायला लागतं, ही दुसरी. पहिली गोष्ट लोक तिच्या तोंडावर बोलत, दुसरी पाठीमागे. तिची सासू जाईबाई मात्र दोन्ही तोंडावरच बोलत असे.

"मशीन हाय का बैलबंडी व ही?" जाईबाई विचारायची. "बंडीबी आतापर्यंत बाळापूरले जाऊन आली असती."

मशीन हातानं फिरवायची होती. काळी, जड, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी निम्मीशिम्मी पुसलेली. मैनाची मावशी केशरबाई अमरावतीच्या एका दवाखान्यात दाई होती. तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाई कायमच्या विलायतेला निघाल्या तेव्हा सामान वाटता वाटता ही मशीन केशरबाईला देऊन गेल्या. केशरबाईला सुईत दोरा ओवायचा म्हटला तरी चार शेजारणी लागत. तिनं मशीन तशीच झाकून ठेवली आणि भाचीच्या लग्नात देऊन टाकली. मैना कोणाकडे शिकायला गेली नाही. फाटकी पोलकी उसवून, ती कशी जोडलीत ते बघून बघून शिकली.

सन अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये वस्तीतल्या बायका तिच्या अंगणात जमल्या. चौदा एप्रिलची जयंती पंचवीस दिवसांवर आली होती. दीक्षा घेतल्यानंतरची पहिली जयंती गेल्या साली झाली, तेव्हा ज्या बाईकडे जे पांढरं होतं ते ती नेसून आली होती. कोणाचं पांढरं पिवळ्यावर गेलेलं, कोणाचं राखाडी. या वर्षी सगळ्यांची लुगडी पांढरी आलीच होती, आता पोलकीही एकसारखी हवीत, असं ठरलं. पांढरं पोलकं, बाह्यांना आणि गळ्याला निळी पट्टी. बायका तीस.

"मेनरोडवरच्या टेलरकडे देऊ," तानुबाई म्हणाली. तानुबाई म्हणजे वस्तीतलं वजनदार माणूस, सगळ्याच अर्थांनी. "त्याच्याकडे चार मशिनी हायेत. आठ दिवसांत हाती देईन."

"बाईमाणसाची मापं तो टेलर घेईन?" कोणीतरी मागून विचारलं, आणि बायका पदरात तोंड लपवून हसल्या.

"मी शिवतो," मैना म्हणाली.

तानुबाईनं तिच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या मशीनकडे बघितलं. "मैना, जयंती या वर्षीची हाय बाप्पा," ती म्हणाली.

आता हसू आवरायला पदर पुरेना. मैनाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "या वर्षीचीच म्हणून राहिली मी बी," ती म्हणाली. "तीसच्या तीस. बारा तारखेले घेऊन जाजा."

बायका गेल्यावर मैना मशीनपुढं बसली आणि बोटांवर दिवस मोजू लागली.

पुढच्या दोन दिवसांत तिनं तीस बायकांची मापं घेतली आणि एक पोलकं शिवलं. एकच. मापं आणि जेवणखाण सोडता ती मशीनवरून उठली नव्हती. हिशेब करायला नवऱ्याची गरज नव्हती, पण नवरा मोतीराम नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होता आणि हिशेब केल्यावाचून त्याला राहवत नसे.

"या चालीनं दहा-बारा होतील," तो म्हणाला. "उरलेल्या बायांनी मिरवणुकीत मागं चालावं काय?"

"तुमी शाळेत जा बरं."

"मी म्हणतो, नवीन मशीन पाहून तं येऊ. पाहाले काय जाते?"

शनिवारी शाळा सुटल्यावर दोघं ओमप्रकाशच्या शिलाई मशिनींच्या दुकानात गेली. मैनानं आपली मशीन पिशवीत घालून मोतीरामच्या सायकलच्या कॅरिअरवर बांधली होती. ओमप्रकाशनं ती काउंटरवर ठेवून घेतली, खालची पट्टी सरकवली आणि आतलं होडीच्या आकाराचं शटल बाहेर काढलं. शटलच्या पोटातून बोटभर लांबीची, काडीसारखी बारीक बॉबिन निघाली. ती चिमटीत धरून त्यानं मोठ्यानं हसायला सुरुवात केली.

"मास्तर, अशी बॉबिन मी लहानपणी पाहिली होती. आता सगळ्या मशिनींच्या बॉबिनी वाटोळ्या. हे पाहा." त्यानं बटणाएवढी वाटोळी बॉबिन पुढं ठेवली. "हिच्यात दोरा किती बसते आणि तुमच्या काडीवर किती? आणखी किती बॉबिनी हायेत तुमच्याकडे?"

"एकच," मैना म्हणाली. "दुसरी होती, ती आमच्या भाच्यानं विहिरीत टाकली."

"मंग झालं. याची बॉबिन आता कोण बनवते? मशीन लोखंडाच्या भावात देऊन टाका. नवीन मुंबईहून मागवतो. महिन्याभरात येऊन जाईन."

महिन्याभरात. मोतीराम पायमशिनीच्या चकचकीत चाकावरून हात फिरवत उभा होता. मैनानं आपली बॉबिन ओमप्रकाशच्या चिमटीतून काढून घेतली आणि कमरेच्या बटव्यात ठेवली.

रविवारी सकाळच्या गाडीनं ती अमरावतीला निघाली. बडनेऱ्याला गाडी बदलली आणि दहाच्या सुमारास केशरबाईच्या दारात उभी राहिली. तशी बॉबिन अकोल्यात नसेल तर अमरावतीत असेल, अशी तिची आशा होती. मावशी-भाचीनं मिळून चार दुकानं पालथी घातली. जुन्या लोखंडाचे ढीग घेऊन बसणाऱ्या दोघांकडे खाली बसून शोधलं. एकाकडे नुसतं शटल सापडलं, तेही वाकडं.

परत आल्यावर केशरबाईनं भाकर वाढली. मैना भाकरीचे नुसते तुकडे करत बसली होती.

"डॉक्टरीणबाई कशी काय शिवत होती व मावशी? इतकी सुस्त मशीन."

"सुस्त?" केशरबाईचा हात थांबला. "कोण म्हणते सुस्त? बाई माया दवाखान्यातल्या समद्या लेकरांचे झबले शिवे. सकाळी बसली की दुपारपर्यंत ढीग. खाली बोट घालून ती काडी काढे, डब्यातली दुसरी घाले, आन् पुन्हा घर्रर्र."

"डब्यातली?"

"बिस्किटाचा डबा होता तिचा. त्यात बारा काड्या. दोरा गुंडाळूनच ठेवे आदल्या दिशी. लाल, पांढरा, काळा, हिरवा. डबा तिच्यासंगंच गेला वाटते, तो देणं काई सुचलं नाही बाईले."

मैना भाकर हातात धरून तशीच बसून राहिली. तिला आपले दोन दिवस आठवले. बोटभर काडीवरचा दोरा एका बाहीतच संपायचा. मग थांबायचं, शटल काढायचं, बॉबिन काढायची, ती दोन बोटांत फिरवत फिरवत दोरा गुंडाळायचा, कारण मशीनचं दोरा भरायचं चाक कधीच मोडलं होतं. निळी पट्टी लावायची वेळ आली की काडीवर उरलेला पांढरा दोरा उलगडून निळा भरायचा. पुढच्या शिवणीला निळा उलगडून पुन्हा पांढरा. मशीन दिवसातून दोन तास चालली असेल. बाकीचा वेळ ती मैनाच्या बोटांची वाट बघत बसली होती.

"मावशी, मशीन सुस्त नाही व!" ती एकदम म्हणाली. "मशीन उपाशी हाय!"

केशरबाईला काही कळलं नाही, पण भाची भराभर जेवायला लागली हे बघून तिनं आणखी एक भाकर वाढली.

आता प्रश्न एवढाच होता, की काड्या आणायच्या कुठून. सोमवारी सकाळी मोतीरामच्या सायकलचं मागचं चाक पंक्चर झालं. त्याला शाळेला उशीर होत होता, म्हणून सायकल दुकानात नेऊन टाकायचं काम मैनावर आलं. ताजनापेठेच्या कोपऱ्यावर नबीचं दुकान होतं. एक पत्र्याचं छप्पर, वर टांगलेले टायर आणि खाली पाण्याचं घमेलं. रमजान सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. नबी उन्हाकडे पाठ करून बसला होता आणि एका चाकात नव्या तारा बसवत होता. एकेक तार ओवायची, चाक फिरवायचं, एक डोळा मिटून चाक कुठं डुलतंय ते बघायचं, चावीनं तार अर्धा आटा आवळायची, असं त्याचं चाललं होतं.

मैना बघत राहिली. मग तिनं बटव्यातून बॉबिन काढली आणि खाली पडलेल्या तारेच्या तुकड्याशेजारी धरली. जाडी जवळपास तीच.

"नबीभाई," ती म्हणाली, "हे बनवता येईन काय तुमाले?"

नबीनं बॉबिन हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, तळहातावर लोळवली. "ये तो तारच हाय, मास्तरीणबाई. दोन टोकाले दोन चकत्या. काय हाय हे?"

मैनानं सांगितलं. तीस पोलकी, बारा तारीख, ओमप्रकाश, डॉक्टरीणबाईचा बिस्किटाचा डबा, सगळं. नबी ऐकता ऐकता हसायला लागला, पण ते हसणं ओमप्रकाशसारखं नव्हतं.

"उद्या या," तो म्हणाला. "पण आमच्या घरचं एक काम हाय. दोन पोरी हायेत माया. ईदले फ्रॉक पायजे. त्यायची अम्मी कवाची मागं लागली हाय."

"जयंती झाल्याबरोबर पहिले त्यायचेच," मैना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नबीनं एक बॉबिन तिच्या हातावर ठेवली. जुन्या सायकलदिव्याची पितळी पाठ कापून त्याच्या चकत्या केल्या होत्या आणि त्या कथलानं तारेला चिकटवल्या होत्या. मैना जवळजवळ पळतच घरी आली. दोरा भरला, शटल बसवलं, दांडा फिरवला. चार टाके बरोबर पडले. पाचव्याला आतून कट्ट असा आवाज आला, दोऱ्याचा गुंता झाला आणि सुई मोडून तिचं टोक जाईबाईच्या पायाजवळ पडलं.

"झालं," जाईबाई म्हणाली. "आता सायकलवाल्याकडून सुया बी बनवून आण."

मैनाला रडू आलं. पण ती रडत बसली नाही. दुसरी सुई बसवली, मशीनच पिशवीत घातली आणि डोक्यावर घेऊन नबीच्या दुकानात गेली.

नबीनं मशीन पालथी घालून शटल पुढं-मागं कसं जातं ते कितीतरी वेळ बघितलं. "टोक लांब झालं," तो म्हणाला. त्यानं कानसीनं बॉबिनचं टोक घासलं. पुन्हा लावून बघितलं. आता अडकत नव्हतं, पण दोरा मध्येच ढिला पडायचा, मध्येच ताणायचा. चकती तारेवर वाकडी बसली होती, नखाच्या जाडीइतकी. तेवढ्यानंही काम बिघडत होतं.

"चाक सीधं करता येते मले," नबी स्वतःशीच म्हणाला. "हे बी चाकच हाय ना? लहान."

त्यानं मोतीरामची सायकल उलटी उभी केली. दोन फळ्यांच्या खाचांत बॉबिन आडवी ठेवली. फुटक्या ट्यूबची गोल पट्टी कापून ती एका बाजूनं सायकलच्या मागच्या चाकावर आणि दुसऱ्या बाजूनं बॉबिनच्या तारेवर चढवली. मग पायडल हातानं फिरवलं. मोठं चाक एकदा फिरलं तशी बॉबिन गरगर गरगर इतकी फिरली की नजर ठरेना. नबीनं एक डोळा मिटला. चकती जिथं डुलत होती तिथं खडूचं टोक हळूच लावलं, खूण उमटली, सायकल थांबवली, चकती जरा गरम करून सरळ केली. पुन्हा फिरवलं. तिसऱ्या वेळेला बॉबिन फिरतेय की थांबलीय हेच कळेना, इतकी ती सरळ फिरू लागली.

"आता लावा," तो म्हणाला.

मैनानं तिथंच, टायरांखाली बसून, नबीच्या तेलकट फडक्यावर टीप मारली. हातभर लांब, सरळ, एकही टाका न चुकता. रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं थांबून बघू लागले. नबीनं फडकं उचलून दोन्ही हातांनी ताणलं, आणि मग टीप निघते का म्हणून जोर लावला. फडकं फाटलं, टीप राहिली.

"क्या बात हाय, मास्तरीणबाई," तो म्हणाला.

मैनाचं लक्ष मात्र उलट्या सायकलीकडे होतं. "नबीभाई, ह्या चाकावर दोरा बी भरता येईन ना?"

नबीनं आधी सायकलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "गुरुजी काय म्हणतीन?"

गुरुजी पुष्कळ काही म्हणाले. त्यांचं ऐकून घेतलं गेलं आणि सायकल अंगणात उलटी उभी राहिली ती राहिलीच. मोतीराम पायी शाळेत जाऊ लागला. पोरं विचारत, "गुरुजी, सायकल कुठं हाय?" तो म्हणे, "शिवणकामाले गेली," आणि पोरांना वाटे गुरुजी चेष्टा करताहेत.

नबीनं चार दिवसांत दहा बॉबिनी दिल्या. जुनी धरून अकरा. मैनानं सात पांढऱ्या दोऱ्याला दिल्या, चार निळ्याला, आणि एका सुपात दोन बाजूंना मांडल्या. पण दोरा भरणार कोण? ते काम जाईबाईनं कोणी न सांगता ओढून घेतलं. पहिल्या दिवशी ती नुसती बघायला म्हणून सायकलीजवळ बसली. पायडलला हात लावून बघितला. बॉबिन गरगरली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काठोकाठ भरली.

"अवो माय!" जाईबाई म्हणाली, आणि त्यानंतर तिनं पायडलला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

सकाळी ऊन चढायच्या आधी दोघी बसत. मैना मशीनवर, जाईबाई सायकलवर. मैनानं हात मागं केला की हातात भरलेली काडी पडायची, रिकामी काडी परत जायची. "पांढरी," मैना म्हणायची. "घे पांढरी." "निळी." "घे निळी. खाऊन राहिली व माय तुई मशीन, मले दम बी घेऊ देत नाई!" आठव्या दिवसापर्यंत मैनाला बोलायचीही गरज उरली नाही. मशीनच्या आवाजावरून दोरा संपत आला हे जाईबाईला कळायला लागलं होतं, आणि कोणी मोठ्यानं बोललं तर ती म्हातारी त्याला दटावायची, "चूप रे, मले आयकू दे."

एप्रिलच्या पाच तारखेला बारा पोलकी झाली, नऊला बावीस. दहाला तानुबाई "पाहाले" आली. ती दारात उभी राहून कितीतरी वेळ उलट्या सायकलीकडे बघत होती.

"मायं पोलकं झालं काय?"

"तुमचंच चालू हाय," मैना म्हणाली. "दोन बॉबिनी जास्त लागल्या."

तानुबाई इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. बसल्यावर तिनं विचारलं, "बटणं लावाले माणूस पायजे का व?" तेव्हापासून दोन दिवस ती बटणं लावत होती.

अकराच्या संध्याकाळी तिसावं पोलकं घडी करून ढिगावर ठेवलं गेलं. एक दिवस आधीच. मैनानं ढिगावर हात ठेवला, मग मशीनवर ठेवला. मशीन गरम झाली होती.

जयंतीच्या दिवशी सकाळी वस्तीतून तीस बायका निघाल्या. पांढरं लुगडं, पांढरं पोलकं, बाहीला निळी पट्टी. ढोल वाजत होता, पोरं पुढं धावत होती. मोर्णा नदीच्या पुलावर आल्यावर वारा सुटला आणि तीस पदर एकदम उडाले. मैना तिसऱ्या ओळीत होती. समोरच्या ओळीतल्या पाठी बघत चालताना तिच्या मनात दुसरं काही येईना. तिला फक्त शिवणी दिसत होत्या. सगळ्या सरळ होत्या. एका ठिकाणी, तानुबाईच्या डाव्या खांद्याखाली, टीप जरा वर गेली होती. ती कोणालाच दिसणार नव्हती. मैनाला दिसली आणि तिनं तिथून नजर हटवली. कडेला लोकांच्या गर्दीत नबी उभा होता. उपासानं ओठ सुकले होते, तरी तो शेजारच्या माणसाला बोट दाखवून काहीतरी सांगत होता. दुसऱ्या हातानं तो हवेत पायडल फिरवून दाखवत होता, त्यावरून काय सांगतोय ते मैनाला कळलं.

पुढच्या सोमवारी ईद होती. नबीच्या घरी, दोन खोल्यांच्या पुढच्या पडवीत, त्याच्या बायकोनं, नसीमबानोनं, चटई अंथरली होती. जाईबाई, मैना आणि मोतीराम आले तेव्हा दोन्ही पोरी दारातच उभ्या होत्या. एकीचा फ्रॉक गुलाबी, दुसरीचा हिरवा, आणि दोन्हींच्या घेराला मैनानं घरातल्या उरल्यासुरल्या दोऱ्यांनी चार रंगांच्या टिपा मारल्या होत्या. लाल, पिवळी, निळी, पांढरी. काड्या आता भरपूर होत्या, मग एकाच रंगावर कशाला थांबायचं?

धाकटी जागच्या जागी गरगर फिरू लागली. घेर फुलला आणि चारी रंग एकमेकांत मिसळले. "और एक बार," नसीमबानो म्हणाली आणि पोरगी पुन्हा फिरली, चक्कर येऊन मोतीरामच्या मांडीवर पडेपर्यंत.

नबीनं शीरखुर्म्याच्या वाट्या आणल्या. पहिली जाईबाईसमोर ठेवली. तिनं एक घोट घेतला, डोळे मिटले.

"यात काय काय टाकलं व बाई?" तिनं नसीमबानोला विचारलं. "सांग मले. अन् हळू सांग, मले ध्यानात ठेवाचं हाय."